उशाशी घड्याळ हवे, पण कसले?

रात्री जाग आली, की माणसाला पहिला प्रश्न पडतो तो किती वाजले असतील हा. ज्याला सकाळी आठ वाजता सावकाश उठायचे आहे, त्याला उत्तर नाही मिळाले तरी चालते. तो कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. परंतु आपल्या कष्टकरी कुटुंबांत असे भाग्यवान थोडे. कुणाला पहाटेची पहिली एस.टी. गाठायची असते. कुणाची मिरजोळे किंवा लोटे एम.आय.डी.सी.त पहिली पाळी असते. कुणी मिरकरवाडा बंदरावर होडीवर जाणारा, कुणी आंब्याच्या हंगामात बागेत राखणीला राहणारा. एखाद्या घरी तान्हे मूल असते, एखाद्या घरी दर सहा तासांनी औषध द्यावे लागणारा आजारी माणूस. अशा घरांत 'किती वाजले?' हा प्रश्न रोजच्या भाकरीशी आणि कधी कधी जिवाशी बांधलेला असतो.

कागदपत्रांच्या कामासाठी वस्तीत घरोघर माझे जाणे होते. बहुतेक घरांत घड्याळ असतेच. ते बाहेरच्या खोलीत, दारावर किंवा टी.व्ही.च्या वर टांगलेले असते. दिवसा ते छान दिसते. रात्री दिवा मालवला, की भिंतीवर घड्याळ आहे की कॅलेंडर हेही कळत नाही. ज्याला वेळ हवी तो उठतो, चाचपडत बटण शोधतो आणि ट्यूब लावतो. एका खोलीत पाच माणसे झोपलेली असतील तर पाचही जागी होतात. म्हणून उशाशी ठेवण्याजोगे, रात्री सहज वाचता येईल असे घड्याळ कसे निवडावे, याचा थोडा विचार आज करू.

कोंबड्यापासून भोंग्यापर्यंत

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी घड्याळ नव्हते. कोंबडे आरवले, शुक्राची चांदणी वर आली, की बाया जात्यावर बसत. हा हिशेब अनुभवाचा होता, पण तो भरवशाचा नव्हता. शुक्र वर्षभर पहाटे दिसत नाही; काही महिने तो संध्याकाळी पश्चिमेला असतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने तर आकाशच दिसत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा काळोख्या रात्री कितीदा तरी मध्यरात्रीच पहाट समजून बायका उठल्या असतील आणि दळणे दळून बसल्या असतील.

रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, तेव्हा वेळ सांगण्याचे काम भोंग्याने घेतले. चाळीतल्या खोलीत घड्याळ नसले तरी चाले. भोंगा साऱ्या वस्तीला उठवी. मात्र ती वेळ मालकाची होती. वेळ कुणाची मानायची, यावर त्या शहरात मोठा वादही झाला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ लागू झाली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' पुढे १९५५ पर्यंत पाळली जात होती. आता गिरण्यांचे भोंगे बंद झाले. ज्याचे त्याने आपल्या वेळी उठायचे आहे आणि त्यासाठी घरात स्वतःचे घड्याळ हवे.

वेळ सांगता येणे हे औषधच

रात्री आजारपण आले, की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, 'केव्हापासून?' याचे नेमके उत्तर देता आले तर उपचाराला फार मदत होते.

आपल्या कोकणातले उदाहरण घ्या. लाल विंचवाचा दंश हा इथला जुना शत्रू. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या दंशावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. हे औषध दंशानंतर जितके लवकर मिळेल तितके चांगले. तेव्हा विंचू चावल्यावर घड्याळाकडे पाहून वेळ लक्षात ठेवणे, हा प्रथमोपचाराचा एक भाग समजावा. सर्पदंशातही तसेच.

दुसरे उदाहरण पक्षाघाताचे, म्हणजे लकव्याचे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. म्हणून दवाखान्यात विचारतात, 'यांना शेवटचे धडधाकट कधी पाहिले?' मध्यरात्री वडील पाणी प्यायला उठले होते आणि नीट बोलले होते, ती वेळ सव्वादोनची होती, असे घरातल्या कुणी ठामपणे सांगितले, तर त्याचा उपयोग होतो. 'असेल रात्री कधीतरी' या उत्तराचा उपयोग होत नाही. बाळंतपणाच्या कळा किती मिनिटांनी येतात, तापातल्या मुलाला मागचे औषध केव्हा दिले, या गोष्टीही अंदाजाने चालत नाहीत.

मोबाईल असताना घड्याळ कशाला?

हा प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतात. त्याला चार उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे, की बऱ्याच घरांत चांगला मोबाईल एकच असतो आणि तो रात्रपाळीला जाणाऱ्याबरोबर जातो. मागे राहिलेल्या म्हातारीला तो नसल्यासारखाच. दुसरे, वेळ पाहायला मोबाईल उघडला, की निरोप दिसतात, चित्रे दिसतात आणि दोन मिनिटांच्या जागेपणाचा अर्धा तास होतो. तिसरे, त्याचा झगझगीत उजेड काळोखाला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम आदळतो. मोबाईल ठेवून मोरीकडे जायला उठावे तर काहीच दिसत नाही आणि पाय अडखळतो. म्हातारपणी पडणे म्हणजे काय, हे खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारावे. चौथे, वादळात वीज गेली आणि मोबाईल उतरला, की सारेच संपले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत सेलवरचे साधे घड्याळच वेळ दाखवत होते.

डोळा अंधारात कसा पाहतो

घड्याळ निवडण्याआधी आपला डोळा थोडा समजून घ्यावा. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. एका प्रकारच्या पेशी उजेडात काम करतात, रंग आणि बारीक अक्षर ओळखतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी अंधुक उजेडात काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत आणि बारीक तपशीलही नीट कळत नाही. दिवा मालवल्यावर या दुसऱ्या पेशींना पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. मध्ये कुणी लख्ख दिवा लावला, की सगळी तयारी वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

यातून तीन उपयोगी गोष्टी निघतात. एक, अंधाराला सरावलेल्या पेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे लाल आकडे पाहिल्याने त्यांचा सराव फारसा मोडत नाही. दोन, निळसर-पांढरा उजेड शरीराला 'सकाळ झाली' असा निरोप देतो आणि झोप आणणारा मेलाटोनिन हा स्राव कमी करतो. लाल उजेडाने हे सर्वांत कमी होते. तीन, पडद्याच्या अगदी मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या पेशी नसतात. म्हणून मंद चमकणारा काटा सरळ पाहिल्यावर दिसेनासा होतो आणि किंचित बाजूला पाहिले तर दिसतो. अंधुक तारा पाहताना हा अनुभव आपल्यापैकी कितीतरी जणांनी घेतला असेल.

'रेडियम'ची खरी गोष्ट

दुकानात गेल्यावर आपण म्हणतो, 'रेडियमचे काटे असलेले घड्याळ दाखवा.' हा शब्द आपल्या बोलीत पक्का बसला आहे. गाड्यांवर नावे चिकटवणाऱ्या दुकानालाही आपण 'रेडियमवाला' म्हणतो. पण गाडीवरच्या त्या पट्टीत रेडियम नसते. ती फक्त समोरून आलेला उजेड परत फेकते. काळोख्या खोलीत उजेडच नसतो, तेव्हा ती पट्टी घड्याळाला चिकटवून काही उपयोग नाही.

खरे रेडियम मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधले. ते एका खास भुकटीत मिसळले, की ती भुकटी रात्रंदिवस आपोआप चमके. पहिल्या महायुद्धात सैनिकांना अंधारात वेळ कळावी म्हणून अशा घड्याळांची मागणी वाढली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज या गावी, आणि पुढे इतरत्रही, तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर हा रंग भरत. मजुरी तबकड्यांच्या संख्येवर मिळे. कुंचल्याला बारीक टोक यावे म्हणून तो ओठांत धरून ओला करायला त्यांना शिकवले होते. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगितले जाई. रसायनतज्ज्ञ मात्र रेडियम हाताळताना स्वतःची काळजी घेत.

काही वर्षांत त्या मुलींचे दात पडू लागले, जबडे सडू लागले, हाडे मोडू लागली. रेडियम हाडांत जाऊन बसले होते. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी स्त्रिया न्यायालयात गेल्या. १९२८ साली तडजोड झाली. प्रत्येकीला रोख १० हजार डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च मिळाला. ग्रेस फ्रायर १९३३ साली वारली. पण कामामुळे झालेल्या रोगाची जबाबदारी मालकावर आहे, हे तत्त्व पुढे आणण्यात या मुलींचा वाटा मोठा. आपल्याकडे १९४८ साली कारखाने कायदा झाला, त्यात जे व्यवसायजन्य रोग सरकारला कळवणे बंधनकारक केले, त्यांत रेडियममुळे होणारे विकारही होते. कुणाची तरी रात्रीची वेळ उजळावी म्हणून कामगार स्त्रियांनी किती मोल दिले, हे आपण कष्टकऱ्यांनी तरी विसरू नये.

१९६० नंतरच्या काळात घड्याळांतून रेडियम हळूहळू गेले. आजच्या चमकत्या काट्यांवरचा रंग किरणोत्सारी नसतो. तो दिव्याचा उजेड पिऊन घेतो आणि अंधारात सावकाश सोडतो. १९९३ साली जपानमध्ये यातला एक चांगला रंग निघाला. तो जुन्या रंगापेक्षा बराच जास्त वेळ चमकतो. कुणाच्या घरी पलटणीतून निवृत्त झालेल्या किंवा बोटीवर नोकरी केलेल्या आजोबांचे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे घड्याळ असेल, तर त्यात खरे रेडियम असण्याची शक्यता आहे. ते आता चमकत नसले तरी रेडियम तसेच असते. त्याची शक्ती निम्मी व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. घाबरून जाऊ नये, पण ते उघडू नये, तबकडी खरवडू नये आणि मुलांना खेळायला देऊ नये.

बाजारात काय मिळते

गोखले नाक्यापासून राम आळीपर्यंत हिंडलात, तर उशाशी ठेवण्याची घड्याळे साधारण चार जातींची दिसतील.

पहिली जात काट्यांची, सेलवर चालणारी. यातल्या काहींच्या काट्यांवर चमकणारा रंग असतो. स्वस्त घड्याळात हा रंग पातळ असतो; दहा वाजता दिवा मालवला, तर बारापर्यंत दिसतो आणि तीन वाजता दिसत नाही. खरी गरज तर तीन वाजताच असते.

दुसरी जात काट्यांचीच, पण वर दाबायचे बटण असलेली. बटण दाबले, की आत छोटा दिवा लागतो. आमच्यासारख्या घरांना ही जात मला सर्वांत सोयीची वाटते. बटण घड्याळाच्या डोक्यावर आणि मोठे असावे. पाठीमागचे बारीक बटण अंधारात सापडत नाही.

तिसरी जात राखाडी काचेवर काळे आकडे असणारी. सेल फार पुरतो, किंमतही कमी. परंतु या आकड्यांना स्वतःचा उजेड नसतो. शिवाय समोरून पाहिले तरच ते नीट दिसतात. घड्याळ स्टुलावर आणि आपण खाली चटईवर झोपलेलो असू, तर खालून पाहताना आकडे पुसट होतात. दुकानात हे घड्याळ उंच धरून खालून पाहावे, म्हणजे लगेच कळते.

चौथी जात विजेवर चालणारी, चमकत्या आकड्यांची. रात्रभर न दाबता दिसते, हा मोठा फायदा. पण वीज गेली, की आकडे जातात. आणि वीज आल्यावर पुष्कळ घड्याळे बारा वाजल्याचे दाखवत उघडमीट करत बसतात. काहींत आत सेल असतो. तो वेळ चालू ठेवतो, पण आकडे दाखवत नाही. वीज नसताना आकडे दिसतील का आणि गजर वाजेल का, हे दोन्ही प्रश्न दुकानदाराला वेगवेगळे विचारावेत. उजेड कमी-जास्त करण्याची सोय असलेले आणि लाल आकड्यांचे घड्याळ घ्यावे. पांढऱ्या-निळ्या आकड्यांच्या मोठ्या घड्याळाने लहानशी खोली चांदणे पडल्यासारखी उजळते. मात्र काही पुरुषांना जन्मतःच लाल रंग मंद दिसतो; त्यांनी स्वतः पाहूनच निर्णय करावा.

आकडा केवढा असावा

यासाठी थोडे गणित करू. डोळे तपासताना भिंतीवरच्या तक्त्यावर सर्वांत वरचे मोठे अक्षर असते. ते सुमारे ८८ मिलिमीटर उंच असते आणि आपण ६ मीटरवर बसतो. समजा, चष्म्याशिवाय एखाद्याला तेवढेच अक्षर दिसते. तर २ फुटांवर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरवर, त्याला सुमारे ९ मिलिमीटरचा आकडा जेमतेम वाचता येईल. हे झाले चांगल्या उजेडात. अर्धवट झोपेत, अंधुक उजेडात सहज वाचायचे तर त्याच्या तिप्पट आकार धरावा. म्हणजे हाताच्या अंतरावर आकडा १ इंच उंच हवा, आणि ६ फुटांवर ठेवायचे तर ३ इंच.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला लांबचे दिसत नाही, त्याने घड्याळ जवळ ठेवावे. ज्याला चाळिशी लागली आहे आणि जवळचे दिसत नाही, त्याने ते तीन-चार फूट दूर ठेवावे. चाळिशी लागलेला माणूस घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन 'दिसत नाही' म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा दोष अंतराचा असतो.

आकडे जाड हवेत. चमकत्या आकड्यांत ३ आणि ८, ५ आणि ६, ० आणि ८ हे अंधुक नजरेला सारखे वाटतात. काट्यांच्या घड्याळात तास काटा आणि मिनिट काटा यांच्या लांबी-जाडीत स्पष्ट फरक हवा आणि बाराच्या जागी वेगळी खूण हवी. ती नसेल तर अंधारात घड्याळ तिरपे झाले, की बारा कुठे आणि तीन कुठे हेच समजत नाही.

आई बाजारात गेली तेव्हा

माझी आई पंचाहत्तरी ओलांडलेली. शाळेची पायरी तिने कधी चढली नाही. रात्री जाग आली, की पहाट झाली समजून ती उठे आणि चहाचे आधण ठेवी. तिच्यासाठी घड्याळ घ्यायचे ठरले, तेव्हा मुलांनी आकड्यांचे घ्यायचा आग्रह धरला. मी म्हटले, ज्याला वापरायचे आहे त्यालाच नेऊ.

दुकानदाराने आकड्यांची दोन घड्याळे पुढे केली. आईने ती बाजूला सारली. ती म्हणाली, 'आकडे मला कशाला? लहान काटा खाली सरळ आला, की सहा. त्याच्या अलीकडे असला, की पाच. मला काटा दिसू दे.' तिने पांढऱ्या तबकडीचे, जाड काळ्या काट्यांचे, डोक्यावर बटण असलेले घड्याळ हातात घेतले. डोळे मिटून बोटाने बटण सापडते का ते पाहिले. मग दुकानदाराला म्हणाली, 'याची टिकटिक ऐकू दे.' टिकटिक तिला हवी होती. घड्याळ चालू असल्याचे तिला तेवढ्यावरून कळते. झोप हलकी असलेल्या माणसाला हीच टिकटिक नकोशी होईल. घड्याळ पाचशे रुपयांच्या आत आले. आता तिला रात्री जाग येते, ती बटण दाबते, काटा पाहते आणि पुन्हा आडवी होते.

लिहिता-वाचता येत नसले तरी आपल्या कितीतरी माता-भगिनी काट्यांवरून बिनचूक वेळ सांगतात. त्यांच्यावर आकड्यांचे घड्याळ लादू नये. ज्यांना मुळीच दिसत नाही, त्यांच्यासाठी बोलून वेळ सांगणारी घड्याळेही असतात. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे आपली एच.एम.टी., बोटाने चाचपून वेळ कळणारी ब्रेल मनगटी घड्याळे बनवत असे. १९६१ साली बंगळुरूला सुरू झालेला तो घड्याळांचा सरकारी कारखाना आता बंद झाला आहे. भिंतीवरच्या आणि टेबलावरच्या घड्याळांसाठी आज देशभर गुजरातच्या मोरबी गावाचे नाव घेतले जाते आणि तिथल्या घड्याळांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांत मोठी संख्या स्त्रियांचीच आहे.

घेताना आणि घेतल्यावर

दुकानात चष्मा काढून घड्याळ पाहावे, कारण रात्री आपण चष्मा घालून झोपत नाही. चमकते काटे असतील तर पाच मिनिटे दिव्याखाली धरावे आणि मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा जाड पिशवीत धरून पाहावे. गजर वाजवून पाहावा. गजर लावण्याची कळ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फिरवता येते का, तेही पाहावे.

सेलवरच्या घड्याळात एक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२ हजार ७६८ वेळा कंप पावतो आणि त्या मोजणीवर काटे चालतात. म्हणून स्वस्त घड्याळही महिन्याला थोड्याच सेकंदांनी चुकते. आकाशवाणीवर बातम्यांच्या वेळी मिलवून घेतले, की झाले. सेल साधारण वर्षभर पुरतो. मात्र आपली हवा दमट आणि खारी. हलका सेल पावसाळ्यात फुटून पाझरतो आणि पत्र्याच्या पट्ट्या गंजतात. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस नवा सेल घालावा. पाझरलेला सेल उघड्या हाताने न काढता फडक्याने काढावा.

आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची. आकड्यांच्या काही घड्याळांत शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकते. अशा घड्याळाचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालय गाठावे.

ज्यांना झोपच लागत नाही, त्यांच्यासाठी उलटा सल्ला आहे. दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहिले, की 'आता चारच तास उरले' ही चिंता वाढते आणि झोप आणखी दूर जाते. त्यांनी गजर लावून घड्याळाचे तोंड भिंतीकडे करावे.

दोष घड्याळाचा नसेल तर?

मोठे, स्वच्छ घड्याळ आणूनही घरातल्या माणसाला ते दिसत नसेल, तर डोळे तपासून घ्यावेत. चमकत्या आकड्यांभोवती कडी दिसत असतील, तर मोतीबिंदू किंवा काचबिंदू असू शकतो. कडी दिसण्याबरोबर डोळा दुखत असेल, लाल झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. मुलाला संध्याकाळनंतर चाचपडावे लागत असेल, तर अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा असू शकतो. मधुमेह असलेल्याने तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावाच. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. 'वय झाले, आता दिसायचे नाहीच' असे म्हणून म्हाताऱ्या माणसांना अंधारात बसवून ठेवू नये.

तेव्हा वाचकहो, पुढच्या पगाराला घड्याळ आणायचे ठरवलेत, तर रंग आणि नक्षी पाहून एकट्याने उचलून आणू नका. ज्याच्या उशाशी ते राहणार, त्याला बरोबर न्या, त्याच्या हातात द्या, त्याचे म्हणणे ऐका. आणल्यावर पहिल्याच रात्री, दोन-तीनच्या सुमारास जाग आली तर त्याला हळूच विचारा, 'किती वाजले?' दिवा न लावता, चष्मा न शोधता त्याने बरोबर वेळ सांगितली, तर पैसे योग्य ठिकाणी खर्च झाले असे समजा.